लाकूड आणि काँक्रीटचा सांधा: कुठं चिकटवायचं, कुठं नुसती फट भरायची

केळीबाग_यावल

नमस्कार मंडळी. यावल तालुक्यात नवीन आरसीसी घर. जुन्या धाब्याच्या घराच्या सागवानी तुळया चिरून फळ्या काढल्या आहेत, त्या वापरायच्या आहेत. तीन जागा:

१) आतला जिना. १७ पायऱ्या, फळी १ मीटर लांब, २८० मिमी रुंद, ३० मिमी जाड. खाली उघडं काँक्रीट, प्लास्टर अजून नाही.

२) मुख्य दाराची चौकट, ७ बाय ३ फूट, तोंड पश्चिमेला. होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) बसवलेत. चौकट आणि भिंतीमध्ये कुठं एक सूत (सुमारे ३ मिमी) फट, कुठं चार सूत.

३) बाहेरच्या ओट्यावर बसायला फळ्यांची बाक. ऊन-पाऊस दोन्ही अंगावर.

फेविकॉल, अराल्डाइट (इपॉक्सी), सिलिकॉन, पीयू (पॉलियुरेथेन), फोम. यातलं कुठं काय वापरायचं आणि का, हे नीट कळलं तर फार उपकार होतील.

रंधा_पटाशी

ताई/दादा, तिन्ही जागांना तीन वेगळी उत्तरं आहेत. आधी एक गोष्ट पक्की धरा: इथं "सगळ्यात मजबूत गोंद कोणता" हा प्रश्न लावायचाच नाही. प्रश्न असा लावायचा की लाकूड किती हलणार आणि ते हलणं कोण सोसणार.

काँक्रीट उन्हात थोडं वाढतं. ३ मीटर लांबीला ३० अंशांचा फरक पडला तर साधारण ०.९ मिमी. लाकूड उन्हापेक्षा हवेतल्या ओलाव्यानं जास्त हलतं, आणि तेही रेषांच्या आडव्या दिशेनं. लांबीत जवळजवळ नाहीच. साग हे सगळ्यात शहाणं लाकूड, तरी उभ्या-आडव्या चिराप्रमाणे ओलाव्याच्या दर एक टक्क्याला रुंदीत ०.१ ते ०.१९ टक्के फरक पडतो. आपल्याकडे मे महिन्याची कोरडी हवा आणि ऑगस्टची दमट हवा यात लाकडाचा ओलावा चार टक्के सहज बदलतो. म्हणजे तुमची २८० मिमीची पायरी दीड-दोन मिमी रुंद-अरुंद होणार. चौकटीचं ७५ मिमीचं लाकूड अर्धा मिमी.

ही हालचाल थांबवता येत नाही. कडक गोंदानं पूर्ण फळी खाली दाबून धरली की ती उन्हाळ्यात रेषेत चिरते, नाहीतर काँक्रीटचा वरचा पापुद्रा घेऊन उचलते. गोंद मात्र शाबूत असतो!

म्हणून पायऱ्यांना लवचिक पीयू, चौकटीला लवचिक सीलंट, आणि बाकेला चिकटवणं नकोच. तपशील पुढं लिहितो, बाकीच्यांनीही भर घाला.

जुना_जिना

माझं मत वेगळं आहे. इपॉक्सीइतकं काही धरत नाही. अराल्डाइटनं दगड चिकटतो, लोखंड चिकटतं. पायरीवर रोज माणसं चढणार, तिथं रबरासारखं मऊ काहीतरी कशाला?

ओळंबा

दादा, इपॉक्सी मजबूत आहे यात वाद नाही. पण ती ज्याला धरते ते तेवढं मजबूत नाही. एम-२० काँक्रीट दाबाला २० न्यूटन प्रति चौमिमी सोसतं, ओढीला त्याच्या साधारण दहावा हिस्सा. म्हणजे दोनच्या आसपास. गोंद दहा न्यूटनचा असला तरी फाटणार ते काँक्रीटच. प्लास्टर असेल तर त्याहून आधी, आणि पुट्टी असेल तर बोटानं निघेल.

दुसरं, खोलीच्या तापमानाला घट्ट होणाऱ्या साध्या इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतात. घरातल्या जिन्याला तो त्रास नाही. पण भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पश्चिमेची उन्हात तापलेली भिंत आणि तिच्यावरचं गडद पॉलिशचं लाकूड ६० च्या पुढं सहज जातं. तिथं इपॉक्सीवर लटकवलेलं वजन हळूहळू सरकतं.

इपॉक्सीची खरी जागा भोकात आहे. काँक्रीटमध्ये सळई किंवा स्टड रोवायचा, तिथं तिच्यासारखं काही नाही. १२ मिमी सळईला १४ मिमीचं भोक, ११० मिमी खोल. दोनदा हवा फुंकायची, दोनदा तारेचा गोल ब्रश, पुन्हा दोनदा फुंकायची, मग तळापासून भरत यायचं. भोकातली धूळ राहिली तर सळई धुळीला चिकटते, काँक्रीटला नाही. जे रॉड उपटून येतात त्यांच्या अंगावर बहुतेक वेळा पांढरं पीठ दिसतं, बघा कधी.

जुना_जिना

पटलं. म्हणजे पूर्ण फळीखाली नको, भोकात चालेल. मग पांढऱ्या फेविकॉलचं काय? सुतार लोक तर सगळीकडे तेच लावतात.

रंधा_पटाशी

लाकडाला लाकूड जोडायला पांढरा फेविकॉल उत्तम, त्यात शंका नाही. तो पाण्यातला गोंद आहे. दोन्हीकडचं लाकूड पाणी शोषून घेतं, पातळ थर सुकतो, शिकंजा लावला की सांधा लाकडाइतका होतो. काँक्रीटवर तीन गोष्टी आडव्या येतात. फट भरत नाही, कारण पाणी गेलं की थर आक्रसतो. ओल सोसत नाही. आणि काँक्रीटमधला चुना या जातीच्या गोंदाला ओलीत हळूहळू खाऊन टाकतो. मरीन प्रकारचा गोंद पाण्याला बरा, पण फट भरणं त्याच्याकडूनही होत नाही.

सनमायका लावतो तो पिवळसर रबरी गोंद उष्णतेनं मऊ पडतो. जाड फळीला, त्यातही आपल्या उन्हाळ्यात, अजिबात नको.

ओळंबा

आता काँक्रीटची बाजू. सांधे सुटतात त्यातले बहुसंख्य इथं सुटतात, गोंदाच्या ट्यूबमध्ये नाही.

नवीन काँक्रीटच्या वर सिमेंटची साय आलेली असते. नखानं खरवडलं तर पांढरी भुकटी निघते. ती पूर्ण काढायची: तारेचा ब्रश, नाहीतर ग्राइंडरला डायमंड कप व्हील. खालची वाळू दिसू लागली की थांबा. मग ब्रश आणि ब्लोअर. ओलं फडकं मारू नका, धूळ काँक्रीटच्या बारीक छिद्रांत जाऊन बसते.

दोन सोप्या परीक्षा:

पाण्याचा थेंब टाका. मिनिटभरात शोषला गेला तर ठीक. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर तिथं शटरिंगचं तेल किंवा क्युरिंगचं रसायन आहे. ग्राइंडरनंच जाईल, थिनरनं पसरेल.

सेलोटेप चिकटवून ओढा. टेपला पांढरं पीठ आलं तर अजून साफ करा.

ओल बघायला दीड फूट बाय दीड फूट जाड पॉलिथिन चारही बाजूंनी टेपनं घट्ट बंद करून रात्रभर, किमान १६ तास ठेवा. आतून थेंब आले किंवा काँक्रीट गडद पडलं तर थांबा. काँक्रीटचे २८ दिवस धरतात तो ताकदीचा हिशोब आहे, सुकण्याचा नाही. पावसाळ्यात टाकलेला जिना दिवाळीपर्यंतही आत ओला असू शकतो, आणि ती ओल वर फळी बसवली की फळीच्या पोटात जाते. खालून फुगते, वरून सुकी राहते, आणि पायरी दोन्ही कडा वर उचलून मधून खोलगट होते.

प्लास्टरवर काही लावायचं असेल तर आधी हातोडीच्या दांड्यानं वाजवा. बद्द वाजलं तर प्लास्टर भिंतीला धरून नाही, त्यावर काही चिकटवू नका.

पाटाचं_पाणी

चौकटीबद्दल. होल्डफास्ट आहेत म्हणजे चौकट धरून ठेवायचं काम झालेलं आहे (दाराला एका बाजूला तीन हवेत, ते बघून घ्या). राहिली फट. सीलंटचं काम पाणी, धूळ आणि उधई अडवणं, वजन धरणं नाही.

आपल्याकडे चौकटीच्या पाठीला डांबर किंवा काळा जपान रंग मारायची पद्धत आहे. सिमेंटची ओल लाकडात जाऊ नये म्हणून ते बरोबरच आहे. पण डांबराला पीयू किंवा सिलिकॉन धरत नाही, शिवाय डांबरातलं तेल सीलंटमध्ये उतरून त्याला पिवळा-काळा डाग पडतो आणि ते चिकट राहतं. चौकटीच्या दर्शनी कडेपासून आत अर्धा इंच डांबर रंध्यानं किंवा पटाशीनं काढा, कोरं लाकूड दिसेपर्यंत. ही अर्ध्या इंचाची पट्टी सोडली तर बाकी सगळं काम वाया!

सीलंट कोणतं: व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथं चालत नाही. सुकताना त्यातून आम्ल सुटतं, ते काँक्रीटच्या चुन्याशी लागून मध्ये भुकटीचा थर तयार होतो आणि पट्टी पूर्ण सोलून निघते. ते काचेला ठीक. न्यूट्रल सिलिकॉन काँक्रीटला चालतं, पण त्यावर रंग बसत नाही. ॲक्रिलिक स्वस्त आहे, रंगही बसतो, पण सुकताना आक्रसतं आणि हालचाल कमी सोसतं. आतल्या खोलीत, बारीक फटीला ठीक. पश्चिमेच्या मुख्य दाराला पीयू किंवा एमएस पॉलिमर, ज्याच्या पाकिटावर २५ टक्के हालचाल लिहिलेली असेल ते. सिकाफ्लेक्सच्या जातीचं समजा. पीयू उन्हात वरून पिवळं पडतं, म्हणून रंग मारून झाका. एमएस पॉलिमर उन्हाला जास्त टिकतं.

केळीबाग_यावल

२५ टक्के म्हणजे नक्की काय? आणि एक सुताची फट आहे तिथं काय करायचं?

पाटाचं_पाणी

१० मिमी फटीतलं सीलंट अडीच मिमी ताणलं किंवा दाबलं तरी फाटत नाही, असा अर्थ. तीच फट ३ मिमीची, म्हणजे एक सूत असेल, तर पाऊण मिमीच. लाकूड अर्धा मिमी हलणार, त्यात दार आपटण्याचा धक्का. काठावरचं झालं. म्हणून एक सूत आहे तिथं छिन्नीनं प्लास्टर काढून ती दोन-तीन सूत करा. फट रुंद केली की सांधा पक्का होतो, हे ऐकायला उलटं वाटतं खरं.

आत फोमची गोल दोरी भरायची, तिला बॅकर रॉड म्हणतात. फटीपेक्षा पाव पट जाड: ८ मिमी फटीला १० मिमी, १० मिमीला १२-१३. टोकदार वस्तूनं ढकलू नका, ती फाटते. वर किमान ६ मिमी खोली सीलंटला सोडायची. सीलंट दोनच बाजूंना चिकटलं पाहिजे, लाकडाला आणि भिंतीला. तळालाही चिकटलं की ते मोकळं ताणलं जात नाही, मधून फाटतं. थर्माकोलचे तुकडे, सिमेंटच्या पिशवीचे बोळे भरून वर सीलंट मारतात, तिथं हेच होतं.

माल किती लागेल: फट १० मिमी, खोली ६ मिमी, म्हणजे मीटरला ६० मिली. चौकटीच्या दोन उभ्या बाजू आणि वरची मिळून ५.१ मीटर. एका बाजूला साधारण ३०० मिली, म्हणजे एक ट्यूब. आत-बाहेर दोन्हीकडे दोन, आणि चार सुताच्या जागेसाठी तिसरी हाताशी ठेवा.

दोन्ही कडांना मास्किंग टेप. नोझल फटीच्या रुंदीइतकं, ४५ अंशांत कापा. गन ढकलत न्या, ओढत नको, म्हणजे माल आत दाबला जातो. पॅलेट नाईफनं एकदाच सपाट करा आणि टेप लगेच काढा. साबणाचं पाणी सुरीला थोडंसं लावलं तर चालतं, पण भरायच्या आधी फटीच्या कडेला त्याचा थेंब गेला तर तिथं सीलंट धरणार नाही.

गिरणाकाठ

फटीत पीयू फोम मारून का नाही भरायचं? डबा मारला की पाच मिनिटांत काम.

पाटाचं_पाणी

भरायला चालतो, सील म्हणून नाही. फोम फुगताना चौकटीला आत ढकलतो. मध्ये आडवे ठोकळे लावल्याशिवाय मारला तर बाजू पोट काढते आणि दार घासतं. फट निम्मीच भरा, आधी फवाऱ्यानं ओलसर करा. कापल्यावर उघडा राहिलेला फोम उन्हानं पिवळा होऊन भुसभुशीत होतो, पाणी पितो, आणि उधई त्यातून मजेत वर जाते. बाहेरून १० मिमी खरवडून वर सीलंट घ्यावंच लागतं. तुमच्या चार सुताच्या फटीला फोमची गरज नाही, बॅकर रॉड पुरे.

रंधा_पटाशी

आता जिना. जुन्या तुळयांच्या फळ्या आहेत हे चांगलं, लाकूड मुरलेलं आहे. तरी ओलावा मोजायच्या मीटरच्या सुया टोचून बघा, ओलावा १० ते १२ टक्के हवा. या लाकडावर धाब्याच्या पांढऱ्या मातीची धूळ, चुलीचा धूर आणि तेलकटपणा खोल मुरलेला असतो. रंधा मारून कोरा पिवळसर-तपकिरी साग दिसला पाहिजे, नुसता पॉलिश पेपर पुरत नाही. रंध्याआधी चुंबक फिरवा, आतले मोडके खिळे पात्याचा तुकडा पाडतात.

सागात स्वतःचं तेलही असतं. चिकटवायच्या बाजूला ८० नंबरचा पेपर, मग ॲसिटोननं पुसा. फडकं बदलत राहा, तेच तेल परत पसरवू नका. पुसल्यावर १०-१५ मिनिटांत फळी बसली पाहिजे, उद्यासाठी पुसून ठेवू नका.

बसवणं असं:

कोरडी फळी ठेवून बघा. पायरीवर उंच-सखल असेल तर आधी दुरुस्ती मोर्टारनं सारखं करा आणि सुकू द्या. गोंदाच्या जाडीवर लेव्हल काढू नका.

पायरीवर ३ मिमीचे टाइल स्पेसर आडवे टाका, फळीला सहा. गोंद सगळा दाबून बाहेर निघू नये म्हणून. ३ मिमीचा मऊ थर राहिला तरच दोन मिमी हालचाल तो पोटात घेतो. पातळ पापुद्रा राहिला तर पीयूसुद्धा कडक गोंदासारखंच वागतं.

नोझल व्ही आकारात कापा. ८ मिमी रुंद, १० मिमी उंच अशी त्रिकोणी रेघ, पुढून मागं, दर १५० मिमीला एक. फळीला सात रेघा होतात. पूर्ण पायरीभर चोपडायचं नाही, कारण हा गोंद हवेतल्या ओलाव्यानं पिकतो. सगळीकडे फासला तर मधला भाग महिनाभर कच्चा राहतो. रेघांच्या मधून हवा खेळली पाहिजे.

हिशोब: सात रेघा गुणिले २५० मिमी म्हणजे १.७५ मीटर, मीटरला ४० मिली, म्हणजे पायरीला ७० मिली. १७ पायऱ्यांना ११९० मिली. ३०० मिलीच्या चार ट्यूब काटोकाट, पाच घ्या.

फळी वरून सरळ ठेवा आणि थोडी डावी-उजवी हलवून दाबा. मागच्या भिंतीपासून ५ मिमी आणि बाजूच्या भिंतीपासून ३-४ मिमी मोकळं. ती फट नंतर सीलंटनं, सिमेंटनं कधीच नाही.

स्क्रू मधल्या रेषेत तीनच, रुंदीच्या बरोबर मध्यावर. मग फळी दोन्हीकडे एकेक मिमी मोकळी सरकते. पुढच्या कडेला स्क्रू घेतला तर ड्रिलनं काँक्रीटचा कोपरा उडतो. ८ मिमी बिट, काँक्रीटमध्ये ४० मिमीहून जरा जास्त खोल, ८ मिमीची प्लॅस्टिकची गिट्टी, १० नंबरचा ६५ मिमी स्टेनलेस स्क्रू. फळीत वरून १० मिमी खोल गाळा पाडून त्यात सागाचीच टोपी, रेषा जुळवून. फळीतलं भोक स्क्रूपेक्षा १-२ मिमी मोठं. साधा लोखंडी स्क्रू वापरला तर सागातल्या टॅनिनमुळे भोवती काळं वर्तुळ येतं आणि ते कितीही घासलं तरी जात नाही.

ओळंबा

एक दुरुस्ती सुचवतो. भोकं फळी चिकटवायच्या आधी, कोरड्या मांडणीत पाडून घ्यावीत. गोंदाच्या रेघा मारल्यावर ड्रिल केलं तर सिमेंटचं पीठ थेट गोंदावर बसतं.

रंधा_पटाशी

एकदम बराबर शे दादा, ते लिहायचं राहिलं. कोरडी मांडणी, भोकं, गिट्टी, सफाई, आणि मगच गोंद.

सातपुडा_साग

हवामानाचं कुणी लिहिलं नाही. पाकिटावरचे सगळे आकडे २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेचे असतात. आपल्याकडे तसा दिवस वर्षात मोजकाच. एप्रिल-मेमध्ये दोन गोष्टी एकदम होतात: उन्हानं वरचा पापुद्रा लवकर धरतो, आणि हवा कोरडी म्हणून आतला माल पिकायला ओलावा मिळत नाही. वरून सुकलं असं वाटतं, आत लोणी. पाकिटावर तासाभराचा वेळ लिहिला असेल तर वीस मिनिटांचाच धरा. सकाळी नऊच्या आत उरका, पश्चिमेच्या भिंतीला तर सूर्य डोक्यावर यायच्या आत. कोरड्या हवेत काँक्रीटवर फवाऱ्यानं अगदी हलका दव मारला तर पीयू नीट पिकतं. पाणी साचलेलं दिसता कामा नये. इपॉक्सीला मात्र उलट: तिला कोरडंच हवं, आणि ४० अंशांत कालवलेला माल वाटीत पाऊण तासाऐवजी पाव तासातच गरम होऊन धरतो. थोडा थोडा कालवा.

चौकटीची फट भरायला सगळ्यात चांगले महिने फेब्रुवारी आणि मार्चचा पहिला पंधरवडा. लाकूड पावसाळ्याची ओल टाकून बसलेलं असतं, फट जवळपास सगळ्यात रुंद असते. तेव्हा भरलेलं सीलंट पावसाळ्यात दाबलं जातं, आणि दाब ते सोसतं. ऑगस्ट-सप्टेंबरात फुगलेल्या लाकडाजवळ भरलं तर पुढच्या उन्हाळ्यात ते ताणलं जाणार, आणि पहिला तडा तिथंच लाकडाच्या कडेनं जाणार.

ट्यूब घेताना तारीख बघा. पत्र्याच्या गोदामात एक उन्हाळा काढलेला माल तारखेच्या आत असूनही धरलेला असू शकतो. कार्ट्रिजची मागची चकती बोटानं दाबा, सरकली पाहिजे. सॉसेज (मऊ वेष्टनातली लांब पिशवी) असेल तर पूर्ण लांबीभर मऊ लागलं पाहिजे, कुठं गाठ नको.

गिरणाकाठ

बाकेचं मी सांगतो. चिकटवू नका. उन्हा-पावसात ओट्याला सपाट टेकलेली फळी, मग खाली कोणताही गोंद असो, पाणी अडकवतेच. गोंदाच्या कडेनं शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही आणि साग असला तरी खालून काळा पडून कुजतो.

ओट्यावर ४० मिमीचे स्टेनलेस किंवा गॅल्व्हनाइज्ड अँगल आडवे, दर दोन फुटांना, १० मिमी अँकर फास्टनरनं. ओट्याच्या कडेपासून फास्टनर १०० मिमी आत, नाहीतर कोपरा फुटतो. फळ्या शंभर मिमीहून रुंद घेऊ नका, मध्ये ८-१० मिमी फट. खालून स्क्रू, अँगलमधलं भोक लांबट. लाकूड आणि अँगलच्या मध्ये रबराचा वॉशर, म्हणजे पाणी निथळतं. फळ्यांची कापलेली टोकं सगळ्यात जास्त पाणी पितात, तिथं तेल किंवा सीलर तीन हात. चिकटवायचं एवढंच: फास्टनरच्या भोकाच्या तोंडाशी पीयूचा एक ठिपका, ओट्यात पाणी उतरू नये म्हणून.

केळीबाग_यावल

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटची शंका: पायऱ्या बसवल्यावर चढ-उतार कधी सुरू करायची? आणि दाराला सागाचा उंबरठाही आहे, तो काँक्रीटवर कसा ठेवायचा?

रंधा_पटाशी

हा गोंद कडेकडून आत दिवसाला २-३ मिमी पिकतो. दाबल्यावर रेघ १३ मिमी रुंद होते, म्हणजे दोन्हीकडून साडेसहा. पूर्ण पिकायला तीन-चार दिवस, कोरड्या हवेत पाच. स्क्रू आहेत म्हणून दोन दिवसांनी अनवाणी हलकं चढलात तर हरकत नाही. कपाट, सिलिंडर, सिमेंटच्या गोण्या आठवडाभर नकोत. पॉलिश त्यानंतरच, आणि फळी बसवायच्या आधी खालच्या बाजूला सीलरचा एक हात मारायचा असेल तर गोंदाच्या रेघांच्या जागा कोऱ्या सोडा.

उंबरठा थेट काँक्रीटवर नको. खाली ग्रॅनाइटची पट्टी बसवा, बाहेरच्या बाजूला थोडा उतार देऊन. तिच्यावर पीयूच्या दोन रेघा, उंबरठ्याच्या लांबीला समांतर. आतली सलग, बाहेरची मध्ये दोन ठिकाणी इंचभर तुटक, म्हणजे शिरलेलं पाणी बाहेर येतं. चौकटीचे पाय उंबरठ्यात जिथं बसतात तिथली टोकं जोडण्याआधी सीलरनं भिजवा. उधई बहुतेक तिथूनच चढते.

केळीबाग_यावल

ग्रॅनाइटचा तुकडा ओट्याच्या कामातला शिल्लक आहे, चार इंच रुंद. चालेल का?

रंधा_पटाशी

उंबरठा पाच इंच असेल तर कमी पडेल. पट्टी उंबरठ्याच्या बाहेर निदान अर्धा इंच यायला हवी आणि खालच्या अंगाला पाणी तोडायची खाच हवी. साडेपाच-सहा इंचाची कापून घ्या.